रिकामा चौकोन

ओकुदाबाईंच्या कागदावर
शेवटच्या दिवसाचा चौकोन कोराच होता.
अजिंठा झालं, वेरूळ झालं,
दौलताबादच्या अंधारीत त्यांनी माझी बाही घट्ट धरली, तेही झालं.
विमान संध्याकाळचं.
मी म्हणलं, पाणचक्की राहिलीय.
राहू द्या, सुमेध-सान,
आज मला काही दाखवू नका.

चौदा वर्षं गाइड आहे मी.
दाखवू नका, हे वाक्य
सिडकोतल्या क्लासच्या कॅसेटमध्ये नव्हतं.

दोनशे चाळीस रुपये उरले होते त्यांच्याजवळ.
ते इथंच संपवायचे, एवढंच काम.
म्हणून पैठण दरवाजाजवळ
किसनमामाच्या पेटीपुढं आम्ही बसलो.
पिशवीचा बंद पहिल्याच दिवशी तुटला होता,
आठवडाभर गाठ मारून वागवला त्यांनी.
मामानं दोरा मेणातून ओढला, आरी टोचली,
आणि एकाहत्तराव्या वर्षी उकिडव्या बसून
त्या असं बघत राहिल्या
जसं लेण्यात कुणीच बघत नाही;
तिथं सगळे माझ्या टॉर्चकडं बघतात.

पैठण दरवाजा पैठणकडं,
दिल्ली दरवाजा दिल्लीकडं, त्या म्हणाल्या,
मग ओसाकाकडं तोंड असलेला कुठला?
बावन्न होते म्हणतात, बाई,
निम्मेही उरले नाहीत.
पडलेल्यांत असेल एखादा.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.
मला दिवसभर चुटपुट.

उठताना मामासाठी शब्द मागितला त्यांनी.
म्हणलं, आमच्यात जाते म्हणत नाहीत,
येते म्हणायचं.
जाताना?
जातानाच.
त्या थबकल्या. आमच्याकडंही, म्हणाल्या,
घरातून निघणारा म्हणतो, जाऊन येतो,
आणि मागं राहणारा म्हणतो, जाऊन ये.
हे मला पाठ होतं. धडा तिसरा.
पण ते उचलून
मराठीशेजारी कधी ठेवून पाहिलं नव्हतं.

मग काय, दिवसभर येते.
तिखटमीठ लावून पेरू देणाऱ्या शबानाबीला येते,
गुलमंडीत, ज्यानं सुट्टे नाहीत म्हणून
दोन पेन्सिली जास्तीच्या दिल्या, त्याला येते,
भडकल दरवाजापाशी उन्हात पसरलेल्या कुत्र्याला येते.
सगळे म्हणाले, या.
कुत्र्यानं एक कान हलवला.

मकाई दरवाजाच्या पुलावर
खामच्या वासानं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.
त्यांनी रुमाल नाही काढला.
लहानपणी आमच्या गल्लीतली नदी अशीच होती, म्हणाल्या,
आता पाणी स्वच्छ आहे.
आता तिथं कुणी थांबत नाही.
मग विचारलं, तुम्ही कधी आलात आमच्याकडं?

मी?
मी कॅसेटमधल्या गावात जातो, बाई.
स्टेशनातून बाहेर पडा, डावीकडं वळा,
पोस्टासमोर बँक, बँकेशेजारी फुलांचं दुकान.
त्या गावात पाऊस पडला की
तीच एक बाई छत्री विसरते, दर वेळी.
गावाचं नाव कॅसेटनं सांगितलं नाही.
हे मी बोललो नाही.
नाही, एवढंच बोललो.

चिकलठाण्याला पोचलो तेव्हा
त्यांच्या तळहातावर दोन रुपयांचं एक नाणं होतं.
ते कुठं खर्चावं कळेना;
पुन्हा पुन्हा मूठ उघडून त्या बघत होत्या,
शेवटी चष्म्याच्या घरात टाकलं.
शिपायानं पासपोर्ट बघितला.
त्या कमरेत वाकल्या. मी वाकलो.
उशिरापर्यंत कोण वाकलेलं राहतं
याचा आमच्यात खेळच झाला होता आठवडाभर.
आज त्या आधी सरळ झाल्या.

जाते, त्या म्हणाल्या.

शब्द चुकला नव्हता.
दुरुस्त करायला माझं तोंड उघडलं होतं,
चौदा वर्षांची सवय.
काचेपलीकडं बंद शिवलेली पिशवी
पट्ट्यावरून सरकत आत गेली.
मागून ट्रॉल्यांची लांब रांग ढकलत आलेला पोऱ्या म्हणाला,
काका, बाजूला सरका.